तारीख कोणाच्या सोयीची?

अहिंसेच्या वाटेनं काम करणाऱ्या माणसांचं वार्षिक संमेलन भरवायचं म्हटलं की पहिलं भांडण तारखेवरून होतं. विचारांवरून नंतर. आमच्या जाळ्यात विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातले लहान-लहान गट आहेत. कुणी दारूबंदीचं काम करतं, कुणी वनहक्कांचं, कुणी ऊसतोड कामगारांमध्ये असतं, कुणी गावात दंगल होऊ नये म्हणून दोन्हीकडच्या लोकांना बांधून ठेवतं. सभासद फी नाही, अध्यक्ष नाही. वर्षातून एकदा चार दिवस एकत्र राहायचं, एवढीच आमची घटना. निमंत्रक दरवर्षी बदलतात. यंदा दोन होते. एक अण्णा, सत्तरी ओलांडलेले, तरुण शांती सेनेतून आलेले, वर्ध्याकडचे. दुसरी ताई, पस्तिशीतली, बीड जिल्ह्यातली, आई-वडील ऊसतोडीला जात असत. आमच्यात बाईचं वय काहीही असो, तिला ताईच म्हणतात. त्यामुळे अण्णाही तिला ताई म्हणतात आणि चिडले की ‘अगं ताई’.

बैठकीचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे होतं. इतिवृत्तात ‘सविस्तर चर्चा झाली’ असं लिहून मोकळं होता येतं, आणि तसं मी लिहिलंही आहे. ती सविस्तर चर्चा ही अशी.

अण्णा : यात ठरवायचं काय आहे? दोन ऑक्टोबर, सेवाग्राम. राहायची सोय होते, वर्ध्याला गाड्या थांबतात, आणि दिवसाचं महत्त्व कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

ताई : दोन ऑक्टोबरला आपल्याकडे काय चालू असतं, अण्णा?

अण्णा : गांधी जयंती.

ताई : सोयाबीनची सोंगणी. एकराचं गुत्तं घेऊन बाया पहाटेपासून वावरात असतात. वर्षातले जे थोडे दिवस हातात बरा पैसा येतो, त्यातले हे. दारूबंदीच्या मोर्च्यात सगळ्यात पुढं ज्या असतात, त्याच या. गेल्या वेळी ‘महिलांचा सहभाग’ नावाचं सत्र आपण घेतलं, तेव्हा मंडपात कोण होतं आठवतं का? दोन प्राध्यापिका, मी आणि तुम्ही.

अण्णा : मग तीस जानेवारी घे. तोही गांधींचाच दिवस.

ताई : तेव्हा कापसाच्या वेचण्या उरकायच्या असतात. आणि माझी सगळी माणसं तर दिवाळीच्या आगेमागेच मुकादमाच्या ट्रॅक्टरमध्ये बसून गेलेली असतात. जानेवारीत ती कोल्हापूर-सांगलीकडं, नाहीतर कर्नाटकात, फडाशेजारी कोप्या घालून. उचल घेतलेली असते. कोयता सोडून चार दिवस संमेलनाला येते म्हटलं तर मुकादम काय म्हणेल?

अण्णा : परत कधी येतात?

ताई : कारखाना बंद होईल तसे. मार्चअखेर, एप्रिल.

अण्णा : एप्रिलमध्ये गडचिरोलीवाले मोहफुलं वेचत असतात. मेमध्ये तेंदूपत्ता. त्यांचं वर्षाचं मीठ-मिरची त्यावर. जूनमध्ये पेरणी. मग काय, अगं ताई, संमेलन भरवायचंच नाही का?

इथं ताईनं भिंतीवरची दिनदर्शिका उतरवून मांडीवर घेतली आणि पेन्सिलीनं खुणा करायला लागली. सोंगणी, वेचणी, गळीत हंगाम, तुरीची कापणी, हरभरा, मोहफुलं, तेंदू, पेरणी, निंदणी. मी बघत होतो. एकही कोरा आठवडा उरला नाही. माझं मत विचाराल तर त्या दुपारचं सगळ्यात महत्त्वाचं काम तिथंच झालं. सगळ्यांना सोयीची तारीख नसतेच. आपण एक तारीख धरतो तेव्हा यंदा कुणाला वगळायचं ते ठरवत असतो, आणि वर्षानुवर्षं एकच तारीख धरली की दरवर्षी त्याच माणसांना वगळतो. जयंती-पुण्यतिथीची तारीख निवडली की हे वगळणं पवित्रही होतं, म्हणून ते कुणाला दिसत नाही.

ताई : आणि तुमची जुनी सर्वोदय संमेलनं तरी दोन ऑक्टोबरला कुठं व्हायची? शिवरामपल्ली एप्रिलमध्ये, सेवापुरी एप्रिलमध्ये, बोधगया एप्रिलमध्ये. कालडी आणि पंढरपूर मेमध्ये.

अण्णा : हे तू कुठं वाचलंस?

ताई : तुमच्याच कपाटात.

अण्णा : खरं आहे. गाव दरवर्षी बदलायचं. राऊ, अंगुल, मग शिवरामपल्ली, चांडिल, पुरी, कांचीपुरम. एकाच गावाची मक्तेदारी नको, हा विचार होता.

ताई : मग गाव फिरतं तशी तारीखही फिरू दे. एक वर्ष सोंगणीवाल्यांचं नुकसान, एक वर्ष मोहफुलंवाल्यांचं. आणि ज्यांचं नुकसान होतंय त्यांची बुडालेली मजुरी आपण भरून द्यायची.

‘बुडालेली मजुरी’ म्हटल्याबरोबर अण्णा ताठ बसले. तारखेवर ते हटले होते, इथं हटणार नव्हते.

अण्णा : पैसे देऊन माणसं आणायची? पक्षवाले ट्रकात घालून आणतात तशी? चळवळीत येणाराला मोबदला द्यायला लागलो तर मग उरलं काय? आम्ही तुरुंगात गेलो तेव्हा कुणी आमचे खाडे भरून दिले नव्हते.

ताई : तुमच्या घरची शेती तेव्हा कुणी केली?

अण्णा : भावानं.

ताई : म्हणजे खाडे भरले गेले. आता बघा, तुम्हाला निवृत्तिवेतन आहे. संमेलनाला आलात म्हणून ते कापलं जात नाही. प्राध्यापक रजा टाकून येतात, पगार चालू. संस्थांमधले कार्यकर्ते येतात, त्यांचा तो कामाचाच दिवस. चार दिवसांचे पैसे खरोखर कुणाचे जातात? जिला रोज मिळतो तिचे. त्याग करायला माझी हरकत नाही, पण सगळ्या मंडपात तो एकटीनंच का करायचा?

अण्णा : तुझं गणित बरोबर आहे. पण उद्या गावात चर्चा काय होईल? अमकीला संमेलनाचे इतके मिळाले. दारूच्या दुकानासमोर बसायला निघेल तेव्हा दुकानदार म्हणेल, भाड्यानं आलीय. बाईच्या शब्दाला गावात जे वजन आहे ते जाईल. पैशानं आंदोलन मेलेलं मी पाहिलं आहे, तू पाहिलेलं नाहीस.

ताई : मी पैशाअभावी मेलेलं पाहिलं आहे.

अण्णांची भीती खोटी नाही. दुकानदार असं म्हणतोच. पण मला ताईचं पटतं, कारण दुकानदार तिनं एक पैसा न घेताही तेच म्हणतो. शेवटी दोघं एवढ्यावर आले की रक्कम व्यक्तीच्या हातात न देता गावच्या गटाकडं द्यायची आणि वाटणी गटानं करायची. यात नवे घोळ होतील. ते पुढच्या वर्षीच्या निमंत्रकांनी निस्तरावेत.

मग ताईनं कार्यक्रमपत्रिकेचा कच्चा मसुदा काढला. सकाळी साडेनऊ ते रात्री नऊ. कायदेशीर माहिती, अटक झाल्यास काय करावं, मोबाइल आणि खासगीपण, सामाजिक माध्यमांवरच्या अफवा, लाठीमाराच्या वेळची शिस्त, वनहक्क दाव्यांची छाननी. अण्णांनी कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि परत दिला.

अण्णा : यात माणसं एकमेकांना भेटणार कधी?

ताई : जेवताना.

अण्णा : शिवरामपल्लीचं तू वाचलंच आहेस. मग हेही वाचलं असशील की विनोबा तिथं जाणारच नव्हते. ते पवनारला पैशाशिवाय जगायच्या प्रयोगात गुंतले होते. शंकरराव देवांनी गळ घातली म्हणून निघाले, तेही पायी, ८ मार्च १९५१ ला. महिनाभर चालत हैदराबादजवळ पोचले. संमेलन झालं. तिथं ठराव कोणते झाले, सांग बघू.

ताई : नाही आठवत.

अण्णा : कुणालाच नाही आठवत. आणि संमेलन संपल्यावर परतीच्या वाटेवर, तेलंगणात, १८ एप्रिलला पोचमपल्लीत काय झालं ते सगळ्यांना आठवतं. चाळीस हरिजन कुटुंबांनी ऐंशी एकर मागितले, विनोबांनी जमलेल्या लोकांनाच विचारलं, आणि रामचंद्र रेड्डी उठून म्हणाले, मी शंभर एकर देतो. भूदान असं सुरू झालं. हे तुझ्या साडेनऊ ते नऊमध्ये कोणत्या सत्रात बसतं?

ताई : कुठंच नाही. पण अण्णा, तिथं विनोबा नुसतेच फिरत नव्हते. तेलंगणात त्याआधी कितीतरी वर्षं कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा चालू होता, जमिनीवरून माणसं मारली जात होती. प्रश्न पिकून फुटायला आला होता. आणि मोकळा वेळ विनोबांकडं होता, कारण ते विनोबा होते. त्यांची भाकरी दुसरं कुणी भाजत होतं. आपल्या संमेलनात गेल्या वर्षी तुम्ही दोन संध्याकाळी मोकळ्या ठेवल्यात. काय झालं? पुरुष चिंचेखाली गोल करून बसले आणि पुढच्या वर्षाचं सगळं तिथं ठरलं. बाया भांडी घासत होत्या. जी मुलं पहिल्यांदा आली होती, ती मोबाइल बघत बसली, कारण त्या गोलात कसं शिरायचं हेच त्यांना कळेना.

अण्णा : कुणी अडवलं होतं?

ताई : कुणी अडवत नाही, तीच तर अडचण आहे. अडवलं असतं तर भांडता आलं असतं. अमेरिकेतल्या स्त्रीवादी गटांचं हेच झालं होतं, जो फ्रीमननं १९७२ साली त्यावर लिहिलंय. आम्ही सगळ्या सारख्या, आमच्यात नेता नाही, रचना नाही, असं म्हणत राहिल्या, आणि आतल्या मैत्रिणींचा एक गटच सगळं ठरवायला लागला. त्या गटाला कुणी निवडलेलं नव्हतं, म्हणून त्याला काढूनही टाकता येईना.

अण्णा : अमेरिका राहू दे. महाड घे. १९२७, मार्च. वीरेश्वर थिएटरात परिषद. दोन दिवस भाषणं, ठराव. दुसऱ्या दिवशी आभारप्रदर्शनाची वेळ आली, माणसं उठायच्या तयारीत, आणि अनंतराव चित्रे उभे राहून म्हणाले की एक काम केल्याशिवाय ही परिषद संपू नये. नगरपालिकेनं तळं खुलं केलंय, चला सगळे मिळून पाणी प्यायला. बाबासाहेब पुढं आणि हजारो माणसं मागं. अगं, आभारप्रदर्शनात! आपल्याकडं आभारप्रदर्शनाला माणूस चपला शोधायला लागतो.

ताई : आणि आदल्या रात्री विषय नियामक समितीनं हे ठरवलं होतं, ते का सोडलंत? धनंजय कीरांच्या चरित्रात आहे. त्याच्याही मागं जा. १९२३ ला मुंबईच्या कायदेमंडळात पाणवठे खुले करण्याचा बोल्यांचा ठराव, १९२४ ला महाड नगरपालिकेचा ठराव. रामचंद्र बाबाजी मोऱ्यांनी परिषदेसाठी किती खटपट केली. गावोगाव माणसं फिरली तेव्हा कुठं कुलाबा, रत्नागिरीतून लोक चालत आले. आयत्या वेळचं त्यात काही नव्हतं.

अण्णा : मंडपात बसलेल्या माणसाला ते आयत्या वेळचंच वाटलं असणार.

ताई : वाटू दे की. समितीला तर माहीत होतं.

महाडचं हे उदाहरण दोघांनीही पुरतं वापरलं नाही असं मला वाटलं, म्हणून इतिवृत्तकाराची मर्यादा सोडून मी मध्येच बोललो. त्या परिषदेला पाणी नव्हतं. गावात तळं असताना आलेल्या लोकांसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं. परिषदेच्या व्यवस्थेतली ही सगळ्यात क्षुल्लक वाटणारी बाब, जमाखर्चातली एक ओळ. आणि परिषदेचा सगळा प्रश्न त्या ओळीत होता. डिसेंबरात सत्याग्रह परिषद भरवायची वेळ आली तेव्हा मंडपाला जागा मिळेना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं आपली जमीन दिली. पाणी, जागा, जेवण ही व्यवस्थापनाची कामं म्हणून दुसऱ्या खोलीत ढकलली आणि विचार मंडपात ठेवला, तर असा प्रश्न हाताला लागत नाही. आमची सोयाबीनची सोंगणी मला त्याच जातीची वाटते. ती दिनदर्शिकेवर खूण करायची गोष्ट राहू नये, तिच्यावर एक सत्र व्हावं.

ताईला हे आवडलं, अण्णांना फारसं नाही. ते त्यांच्या मुद्द्यावर परत आले, आणि तिथं त्यांची बाजू भक्कम होती.

अण्णा : मार्चमध्ये तळ्यावरून परतलेल्या माणसांवर हल्ला झाला. देवळात शिरणार अशी आवई उठली आणि माणसं काठ्या घेऊन आली. जेवायला बसलेल्यांना मारलं, अन्न मातीत कालवलं. आलेल्यांत लष्करातून निवृत्त झालेले किती तरी होते. त्यांना हाणामारी येत नव्हती असं नाही. बाबासाहेबांनी आवरलं आणि ते आवरले. तुझ्या ‘लाठीमाराच्या वेळची शिस्त, ११ ते १२.३०’ यातून हे येईल?

ताई : सरावानं येतं, अण्णा. अमेरिकेत नॅशव्हिलला जेम्स लॉसन चर्चच्या तळघरात मुलांना शिकवायचे. एकानं खुर्चीत बसायचं, दुसऱ्यांनी शिव्या द्यायच्या, ढकलायचं, अंगावर धूर सोडायचा, आणि बसलेल्यानं हात उचलायचा नाही. १९६० मध्ये हीच मुलं खाणावळींच्या काउंटरवर जाऊन बसली. मार खाल्ला, उठली नाहीत. आणि लॉसन हे शिकले कुठं? तुमच्या नागपुरात. हिस्लॉप कॉलेजात होते ते.

अण्णा : तीन वर्षं होते, ताई. त्रेपन्न ते छप्पन्न. तीन वर्षं इथं राहून, माणसांत मिसळून त्यांनी ते घेतलं. दीड तासाच्या सत्रात नाही.

ताई : पण तिकडं जाऊन शिकवलं ते सत्रं घेऊनच ना?

अण्णा : एकच पोरं आठवड्यामागून आठवडे यायची. एकमेकांना ओळखायला लागली. लाठी पडते तेव्हा शेजारचा माणूस पळणार नाही याची खात्री लागते, आणि ती खात्री त्याच्याबरोबर राहिल्याशिवाय येत नाही. पहाटे एकत्र संडास साफ करा, एकत्र भाकऱ्या थापा, त्याच्या घोरण्यानं रात्री जागे राहा. हे चार दिवस मला त्यासाठी हवेत. माहिती काय, मोबाइलवर पाठवता येते.

यावर ताई काही बोलली नाही, पण मसुद्यातली तीन सत्रं तिनं खोडली. मोबाइलचं, अफवांचं आणि दाव्यांच्या छाननीचं. ती मोबाइलवर पाठवायची ठरली. उरलेला प्रश्न उन्हानं सोडवला. ऊसतोडवाले परतल्यावर, म्हणजे एप्रिलमध्ये, संमेलन घ्यायचं तर मराठवाड्यात बारा ते चार मंडपात कुणी बसू शकत नाही. म्हणजे रोज चार तास आपोआप मोकळे. अण्णांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. ताईनं लगेच अट घातली की त्या चार तासांत स्वयंपाकघरही बंद राहील. रात्रीची तयारी चारनंतर, पाळीनं, चिठ्ठ्या टाकून, आणि पाहुणे वक्तेही चिठ्ठीत. अण्णांची याला हरकत नव्हती. संडाससफाईच्या पाळ्या त्यांनी आयुष्यभर लावल्या आहेत. भाकरीची पाळी आपल्यावर येईल एवढं फक्त त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. ‘मला थापता येत नाही,’ ते म्हणाले. ‘तरुण शांती सेनेत शिकवत नव्हते का?’ ताईनं विचारलं.

सगळ्यात अवघड भाग निर्णय कसे घ्यायचे हा होता. आमच्याकडे आजवर सर्वसहमती चालत आली आहे. एकाचाही विरोध असेल तर ठराव पुढं जात नाही. सर्व सेवा संघाची ही पद्धत, अण्णा तिथूनच ती घेऊन आले.

ताई : मला वादाचं सत्र हवंय. पहिल्याच दिवशी. ज्यावर आपलं पटत नाही अशा दोनच गोष्टी घ्यायच्या आणि उघड भांडायचं. एकमत झालं तर उत्तम. नाही झालं तर दुसऱ्या दिवशी परत. तरीही नाही झालं तर तीन चतुर्थांशांनी निर्णय, आणि ज्यांना पटलं नाही त्यांचं म्हणणं नावानिशी नोंदवायचं.

अण्णा : मत घेतलं की हरणारे तयार होतात. हरलेला माणूस पुढच्या वर्षी एकतर येत नाही, नाहीतर जिंकायला येतो. विनोबांनी सर्वसहमती का धरली? पन्नासाला एक्कावन्नांनी दाबायचं, यात मारामारी नाही एवढंच, पण जबरदस्ती आहेच.

ताई : आणि चौऱ्याहत्तरचं काय?

या प्रश्नाची अण्णांनी वाट पाहिली असावी. ते तेव्हा तेविशीचे होते. जयप्रकाश बिहारच्या आंदोलनात उतरले होते, आणि सर्व सेवा संघानं त्यात उतरायचं की नाही यावर सर्वोदयाची सगळी माणसं दुभंगली होती. बहुतेक जयप्रकाशांच्या बाजूचे. विनोबांना सरकारशी संघर्ष मान्य नव्हता. जुलै १९७४ मध्ये वर्ध्याला संघ फुटायच्या बेतात आला. विनोबांनी तोड काढली : सत्य, अहिंसा आणि संयम सांभाळून ज्याला जे पटेल ते त्यानं करावं. त्यावर काही महिने निभावलं. डिसेंबरात विनोबांनी वर्षभराचं मौन घेतलं. मार्च १९७५ मध्ये पवनारला पुन्हा बसले आणि गाडी पुन्हा तिथंच अडली. जूनमध्ये आणीबाणी आली.

अण्णा : वाईट दिवस होते. ज्यांच्याबरोबर पदयात्रा केल्या त्यांच्याशी बोलणं बंद झालं होतं.

ताई : एकही मत न घेता फूट पडली, अण्णा.

अण्णा : पडली. पण तू मत घेतलं असतंस तर काय झालं असतं? जयप्रकाशांची बाजू सहज जिंकली असती. विनोबांच्या बाजूचे थोडे होते, ते बाहेर गेले असते. तेव्हा मी जयप्रकाशांकडं होतो, मलाही हेच हवं होतं. आज वाटतं, बरं झालं नाही घेतलं. नंतर त्याच माणसांबरोबर एका पंगतीला बसता आलं.

ताई : पंगतीला बसलात, पण काम? सर्वसहमतीमुळे संघटना अडकून पडली, आणि ऐन आणीबाणीच्या तोंडावर. फुटू नये म्हणून गप्प राहायचं, मग आतल्या आत कुजायचं. मला तर वाटतं, सर्वसहमती मोडल्यामुळं तुमचं भांडण झालं नाही. भांडायला जागाच नव्हती, म्हणून सर्वसहमती मोडली. त्याआधीची किती वर्षं हा वाद आत होता? सरकारशी सहकार्य किती, संघर्ष किती, हा काय चौऱ्याहत्तरला जन्मलेला प्रश्न आहे?

अण्णा : नाही. बासष्टच्या चीन युद्धापासून होता. त्याआधीही असेल.

ताई : कुठल्या संमेलनात त्यावर दिवसभर बोललात?

अण्णा : संमेलनात आम्ही संकल्प करायचो. सेवापुरीला पंचवीस लाख एकरांचा केला. बोधगयेला जयप्रकाशांनी जीवनदान दिलं, पाठोपाठ शेकडो उठले. ते वातावरण तू पाहिलं नाहीस. मीही नाही, माझ्या वडिलांनी पाहिलं. त्या वातावरणात कोण उठून म्हणणार की माझं पटत नाही?

हे बोलून गेल्यावर आपण कुठं पोचलो ते त्यांच्या ध्यानात आलं. ते हसले. वादाचं सत्र मंजूर झालं. तीन चतुर्थांशांचं कलम झालं नाही. अण्णांनी ते अडवून धरलं आणि आमच्या नियमानुसार एकाचा विरोध पुरतो. या विसंगतीवर ताईनं जे म्हटलं ते इतिवृत्तात घेऊ नये असं तिनंच सांगितलं आहे. मला विचाराल तर या एका बाबतीत मी अण्णांच्या बाजूला झुकतो. आमच्यासारख्या बिनसभासदांच्या जाळ्यात मतदान घ्यायचं तर मतदार कोण, हे आधी ठरवावं लागेल. आणि त्या यादीत सोयाबीन सोंगणारी बाई पुन्हा नसेल.

तरुणांचा विषय पाच मिनिटांत आटोपला. अण्णांना एक युवा शाखा हवी होती. ताईनं एला बेकरचं सांगितलं : १९६० मध्ये रॅलेला विद्यार्थ्यांची सभा तिनंच भरवली, त्यासाठी मार्टिन ल्यूथर किंगांच्या संघटनेकडून आठशे डॉलर मिळवले, आणि विद्यार्थ्यांना त्याच संघटनेची शाखा करायचं घाटतंय असं दिसल्यावर तिनंच विरोध केला. मुलांनी स्वतंत्र संघटना काढली. अण्णा म्हणाले, ‘म्हणजे पैसे आपण द्यायचे आणि शाखाही नाही?’ ‘हो,’ ताई म्हणाली. यावर पुढं कुणी बोललं नाही आणि शाखेचा विषय पडला.

राहिला पैसा. कंपन्यांचा नको यावर दोघांचं पहिल्यापासून एकमत. परदेशी मदतीचा प्रश्नच नव्हता; परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर ज्या संस्थांना ती मिळते त्यांनाही ती दुसऱ्याकडं वळवता येत नाही. अण्णांनी सर्वोदय पात्राची आठवण काढली. विनोबांची कल्पना : घरोघरी एक भांडं, घरातल्या लहान मुलानं रोज त्यात मूठभर धान्य टाकायचं, आणि ते शांती सेनेच्या कामाला. वर्ध्यात अजून काही घरं तयार होतील, असं त्यांचं म्हणणं. ताईनं आकडेमोड केली. धान्यातून जेवण निघेल, प्रवासखर्च लोकवर्गणीतून, आणि बुडालेल्या मजुरीसाठी वेगळं पात्र.

मग तारीख. दुसऱ्या आठवड्यात चौदा एप्रिल येते, तेव्हा अर्धी माणसं आपापल्या गावच्या आंबेडकर जयंतीत असणार. ती ओलांडून पुढं जायचं. ताईनं अठरा ते एकवीस एप्रिल, बीड जिल्हा, असं लिहिलं. गडचिरोलीच्या गटाचा मोहफुलांचा शेवटचा आठवडा जाईल. पहिली भरपाई त्यांना. पुढच्या वर्षीची तारीख तेच ठरवतील.

अण्णा : अठरा एप्रिल? पोचमपल्लीचा दिवस!

ताई : योगायोग आहे. पत्रिकेत छापू नका.

अण्णा : तोंडी सांगेन.

ताई : सांगा. आणि मजुरीच्या पात्राचं किती जमलं ते फेब्रुवारीअखेर मला आकड्यात हवं. त्याशिवाय गडचिरोलीला मी शब्द देणार नाही.

अण्णा : मुठीचा आकडा कसा सांगू? प्रत्येकाची मूठ वेगळी.

ताई : मग मापट्यानं मोजा.

अण्णा : आणि वही कोण ठेवणार?

ताई : तुम्हीच. भाकऱ्या येत नाहीत म्हणालात ना?